टाळेबंदी आलीच तर आपण कोणाच्या बाजूचे? (बेसबॉल, पायरेट्स आणि एक हंगामी पास)

ऍलेगेनीकाठ

मंडळी, इथे बेसबॉलवर धागा काढणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत भगर वाढण्यासारखं आहे, कल्पना आहे. पण घरात माझं ऐकून घेणारं आता कोणी उरलेलं नाही. बायको म्हणाली, "जा, तुझ्या त्या कट्ट्यावर जाऊन बोल." म्हणून आलो.

पिट्सबर्गला येऊन एकवीस वर्षं झाली. आलो तेव्हा इथला बेसबॉल संघ, पायरेट्स, हरत होता. १९९३ ते २०१२, सलग वीस हंगाम निम्म्याहून जास्त सामने हरले. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत एवढा लांब दुष्काळ दुसऱ्या कुठल्याच संघाने पाहिलेला नाही. त्यातले नऊ हंगाम मी मैदानात बसून पाहिले. मग २०१३ ते १५ अशी तीन वर्षं सुगी आली, आणि २०१५ला ९८ सामने जिंकूनही एका बाद सामन्यात घरी बसलो.

मग आला जानेवारी २०१८. शनिवारी आमचा गोलंदाज गेरिट कोल ह्यूस्टनला दिला, सोमवारी अँड्र्यू मॅककचन सॅन फ्रान्सिस्कोला. मंगळवारी माझी पाच वर्षांची लेक मॅककचनच्या नावाचा शर्ट घालून शाळेत गेली, कारण तिला सांगायची आमची हिंमत झाली नव्हती. त्याच जुलैत ख्रिस आर्चरसाठी ग्लासनाऊ, मेडोज आणि शेन बाझ असे तिघं देऊन टाकले. कोलला पुढे साय यंग पुरस्कार (वर्षातल्या सर्वोत्तम गोलंदाजाचा) मिळाला. ग्लासनाऊ २०२५ला लॉस एंजेलिस डॉजर्सकडून विश्वमालिका (बेसबॉलची अंतिम मालिका) जिंकला. आर्चरचं काय झालं ते विचारू नका.

आता मुद्दा. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ला संपतोय. मालकांना पगारावर कमाल मर्यादा हवी आहे, संघटना म्हणते मेलो तरी देणार नाही. पुढच्या हिवाळ्यात टाळेबंदी होणार असं जो तो म्हणतोय. इकडे माझ्या टेबलावर वीस सामन्यांच्या पासाच्या नूतनीकरणाचं पत्र पडलंय. भरू का पैसे? म्हणजे माझ्याच पैशांतून पुढच्या वर्षीचं कुलूप विकत घेतलं जायचं.

मी मनाने खेळाडूंच्या बाजूचा आहे. पण डॉजर्सना २०२५ला नुसता चैनकर (संघाच्या पगाराने ठरलेली रेषा ओलांडली की लागणारा कर) लागला तो १६ कोटी डॉलरच्या वर, आणि आमच्या अख्ख्या संघाचा पगार त्याहून कमी, हे वाचलं की कमाल मर्यादेचा मोह होतो. तुम्ही काय म्हणता?

खडूस_मुंबईकर

पहिला! बेसबॉल म्हणजे विटी-दांडूच ना? फक्त विटी गोल.

निवांत

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. संघटना, मालक, टाळेबंदी... शंभरी नक्की.

टोरांटोची_मावशी

विश्वमालिकेचं नाव काढलंस आणि जखमेवर मीठ चोळलंस रे. डॉजर्सविरुद्ध सातवा सामना, नववा डाव, आम्ही ब्लू जेजवाले एका धावेने पुढे, दोनच बळी बाकी. आणि होम रन कोण मारतो, तर मिगेल रोहास! ओतानी नाही, बेट्स नाही, रोहास! आमच्याकडे सोळा माणसं जमलेली होती, पावभाजीचा तवा तसाच राहिला. अकराव्या डावात विल स्मिथने शेवट केला तेव्हा कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

आता तुझ्या प्रश्नाचं: ब्लू जेज काही गरीब संघ नाही. व्लादी गेरेरोला एप्रिल २०२५मध्ये ५० कोटी डॉलरचा करार दिलाय. तरी मी मर्यादेच्या विरोधात. मालकाला खर्च करायचाय तर करू दे की.

गिरणगावकर

मावशी, "करू दे की" म्हणणं सोपं आहे.

मी बेसबॉलमधलं फार जाणत नाही, मुलाबरोबर न्यू जर्सीत बघतो कधीमधी. पण संप आणि टाळेबंदी हे शब्द दिसले की मला राहवत नाही. आमचे वडील लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ला डॉक्टर सामंतांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत. अडीच लाख कामगार बाहेर. पहिले दोन महिने चाळीत गणपतीसारखं वातावरण. तिसऱ्या महिन्यात आईचे पाटल्या-बिलवर गेले. पावसाळ्यात आम्हा भावंडांना गावी पाठवलं. वडील पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत, कारण आत जायला काही उरलंच नाही. तो संप आजपर्यंत कोणी रीतसर मागे घेतलेला नाही.

तेव्हा वर्षाला ७ लाख ८० हजार डॉलर किमान पगार असलेल्या माणसांच्या "लढ्या"बद्दल मला काही वाटत नाही, माफ करा. दोन हत्तींची झुंज आहे ती. गवत कोण, ते तुम्ही ठरवा.

स्वाती_पीट्स

काका, प्रतिसाद वाचून गलबलून आलं.

वकीलसाहेब

गिरणगावकर, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण दोन गोष्टींत गल्लत होतेय. संप कामगार करतो, टाळेबंदी मालक. २ डिसेंबर २०२१ला जे झालं ती टाळेबंदी होती, ९९ दिवसांची, १० मार्च २०२२पर्यंत. खेळाडू काम करायला तयार होते, दाराला कडी मालकांनी घातली. लोक दोन्हीला सरसकट "खेळाडूंचा हावरटपणा" म्हणतात.

आणि आजचा किमान पगार आभाळातून पडलेला नाही. १९६६ साली तो ६ हजार डॉलर होता, वर्षानुवर्षं तिथेच गोठलेला. त्या वर्षी संघटनेने मार्विन मिलर नावाचा माणूस आणला. हा आला कुठून, तर पोलाद कामगारांच्या संघटनेतून, जिचं मुख्यालय धागाकर्त्याच्या पिट्सबर्गात आहे. तोवर प्रत्येक करारात एक कलम असायचं, ज्यामुळे खेळाडू जन्मभर एकाच क्लबला बांधलेला राही. क्लब त्याला विकू शके, बदलू शके, तो मात्र स्वतःहून कुठे जाऊ शकत नसे. वेठबिगारीला टाय लावला की जे होईल ते.

१९६९मध्ये सेंट लुईसने कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तो म्हणाला, मी जाणार नाही, मी कोणाच्या मालकीची वस्तू नव्हे. सान हुआनला खेळाडूंच्या प्रतिनिधींची बैठक झाली, २५ विरुद्ध ० मतांनी त्याला पाठिंबा मिळाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ला ५-३ने हरला. त्याची कारकीर्द संपली. पण तीन वर्षांनी, डिसेंबर १९७५मध्ये, मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन गोलंदाजांच्या प्रकरणात लवादाने ते कलमच निकालात काढलं. आजचे सगळे कोट्यधीश फ्लडच्या खांद्यावर उभे आहेत, आणि फ्लडला त्यातलं काही मिळालं नाही. हे गिरणगावकरांना तरी ओळखीचं वाटावं.

गिरणगावकर

वाटलं. फ्लडबद्दल माहीत नव्हतं. धन्यवाद.

फिरकी

आयपीएलचं बघा की. मर्यादा आहेच, प्रत्येक संघाला २०२५च्या लिलावात १२० कोटी, बस्स. पंतला २७ कोटी मिळाले, लखनौवाले भिकेला लागले नाहीत, पंतही नाही. दर वर्षी कोणीही जिंकू शकतं. यात वाईट काय?

चिन्मयी

वाईट काय ते पाटीवर लिहून दाखवते. दहा संघ गुणिले १२० कोटी, म्हणजे वर्षाचे १२०० कोटी पगार. २०२३ ते २७ या पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क विकले गेले ४८,३९० कोटींना, म्हणजे वर्षाला साधारण ९,६७८ कोटी. तिकिटं, प्रायोजक वगैरे धरलेच नाहीत. म्हणजे नुसत्या टीव्हीच्या पैशाच्या बारा टक्क्यांच्या आसपास खेळाडूंना.

अमेरिकी फुटबॉलमध्ये मर्यादा आहे, पण सोबत उत्पन्नाच्या किमान ४८ टक्क्यांची हमी आहे. बास्केटबॉलमध्ये ४९ ते ५१. मर्यादा आणि वाटा जोडीने आले तर गोष्ट वेगळी. नुसती मर्यादा म्हणजे घरभाडं गोठवायचं, पण घरमालकाने नव्हे, भाडेकरूंनीच आपला पगार गोठवून.

फिरकी

शेवटची उपमा डोक्यावरून गेली, पण आकडा डोक्यात बसला. आपल्या खेळाडूंची संघटना का नाही पण?

चिन्मयी

आहे, २०१९मध्ये झाली, फक्त निवृत्तांची. खेळणाऱ्यांची नाही. उपमा माझ्याही डोक्यावरून गेली, सोडून दे.

खडूस_मुंबईकर

निवृत्त झाल्यावर संघटना म्हणजे जेवण झाल्यावर मेन्यूकार्ड.

बेएरियातला_बंड्या

मर्यादा असावी की नसावी यावर वाद घालणाऱ्यांनो, तुमच्याकडे संघ तरी आहे. ओकलंडकडे तोही नाही.

१३ जून २०२३ला "उलटा बहिष्कार" झाला होता. म्हणजे न येण्याऐवजी सगळ्यांनी एकदम यायचं, की मालक म्हणतो तसं इथे चाहते नाहीत हे खोटं ठरावं. एरवी पाच-सात हजार डोकी असायची, त्या मंगळवारी २७,७५९ आली. हिरवे शर्ट, त्यावर एकच शब्द: विका. पाचव्या डावाच्या सुरुवातीला ठरवून सगळे गप्प बसले आणि मग एकदम ओरडले. मी अनेक वर्षं गणपती विसर्जनाला गेलोय, पण असा आवाज ऐकला नाही. संघ तो सामना जिंकला, आणि त्याच संध्याकाळी नेव्हाडाच्या सिनेटने लास वेगासच्या मैदानाला पैसे मंजूर केले.

शेवटचा घरचा सामना २६ सप्टेंबर २०२४. ४६,८८९ लोक. शेजारी एक म्हातारे गृहस्थ रिकाम्या बाटलीत मैदानाच्या कडेची माती भरत होते. मीही भरली. ती अजून देवघराच्या खणात आहे, आई विचारते गंगाजळ का रे. आता संघ सॅक्रामेंटोत एका छोट्या मैदानावर उपऱ्यासारखा खेळतोय. २०२८ला वेगास म्हणे.

तर ऍलेगेनीकाठ, पास घ्या. संघ गावात आहे तोवर घ्या.

निवांत

बंड्याभाऊ, देवघरातली माती... बोलती बंद.

ऍलेगेनीकाठ

बंड्या, तुझा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बाबा, ते तर आपल्यापेक्षा वाईट." यापेक्षा मोठं सांत्वन पिट्सबर्गात मिळत नाही.

आमच्याकडेही "संघ विका"च्या घोषणा चालतातच. २०२५च्या हंगामाच्या सुरुवातीला तर विमानाने फलक ओढत नेला होता. आमचे मालक नटिंगसाहेब, त्यांच्या आडनावात लोकांना आपसूक "नथिंग" ऐकू येतं, त्याला मी काय करू?

स्वाती_पीट्स

आणि विटा! विटांचं सांगा ना. मैदान २००१ला उघडलं तेव्हा लोकांनी पैसे भरून आपली, आईवडिलांची नावं विटांवर कोरून घेतली होती, त्या बाहेरच्या पदपथावर बसवल्या होत्या. २०२५ला दुरुस्तीत त्या काढल्या आणि कोणीतरी भंगाराच्या ढिगातला फोटो टाकला. क्लबने नंतर खुलासा केला, पण फोटो व्हायचा तो झाला.

त्याच वसंतात उजवीकडच्या भिंतीवरचं आपल्या जुन्या दिग्गज खेळाडूचं, रॉबर्टो क्लेमेंटेचं, २१ आकड्याचं चिन्ह झाकून तिथे दारूची जाहिरात लावली. ती भिंत २१ फूट उंच आहे तीच त्याच्या सन्मानार्थ! निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान पडून गेला तो माणूस, १९७२च्या शेवटच्या दिवशी. बोंब झाल्यावर चिन्ह परत आलं.

खडूस_मुंबईकर

म्हणजे विठोबा अठ्ठावीस युगं विटेवर उभा, आणि तुम्ही १९७९पासून. फरक एवढाच की त्याची वीट कोणी भंगारात काढली नाही.

ऍलेगेनीकाठ

😂😂 खडूस, हे छापून शर्टावर घालणार आहे. (१९७९ हे आमचं शेवटचं अजिंक्यपद, बरोबर शोधलंस.)

ब्रूकुऱ्हाड

मिलवॉकीतून. सगळे मोठ्या संघांवर चिडताय, पण आमच्या गावाकडे बघा. लीगमधली सगळ्यात छोटी बाजारपेठ. २०२५ला आमच्या ब्रूअर्सनी ९७ सामने जिंकले, तीसही संघांत सगळ्यात जास्त. हो, पुढे डॉजर्सनी ४-०ने धुतलं, ते मान्य. पण सहा महिन्यांच्या हंगामाअखेर आम्ही पहिले होतो, कुठल्याही मर्यादेशिवाय.

प्रत्येक क्लब आपल्या स्थानिक उत्पन्नाचे ४८ टक्के एका हंड्यात टाकतो आणि तो तीस जणांत सारखा वाटला जातो. म्हणजे डॉजर्स-यांकीजच्या ताटातलं पायरेट्सच्या ताटात येतंच. आलेलं खेळाडूंवर खर्च होतं की नाही, हा खरा प्रश्न. माझं मत: कमाल मर्यादा नको, किमान हवी. एवढा तरी पगार द्याच, नाहीतर हंड्यातला वाटा बंद.

वकीलसाहेब

+१. पण संघटना किमान मर्यादेलाही बिचकते, कारण तळ मागितला की मालक छत घेऊन येतात. घर म्हटलं की दोन्ही आलं.

आणि हिशोबाच्या वह्या मालक उघडत नाहीत. अपवाद अटलांटा ब्रेव्ह्जचा, ती कंपनी शेअरबाजारात असल्याने तिला ताळेबंद जाहीर करावा लागतो. बाकीच्यांचं "आम्ही तोट्यात आहोत" हे आपल्याकडच्या साखर कारखान्यांसारखं, विश्वासावर.

ऑफसाइड

साखर कारखान्यांवर कशाला घसरता? आमच्या भागातल्या कारखान्याने यंदा चांगला भाव दिलाय.

वकीलसाहेब

दिवे घ्या हो.

निवांत

धागा उसाच्या फडात जायच्या आत कोणीतरी परत मैदानात आणा.

मोरपीस

मला एक भाबडा प्रश्न. तो स्कीन्स म्हणून जो तुमचा गोलंदाज आहे, त्याला सगळे डोक्यावर घेतात. मग त्याला भरपूर पैसे देऊन ठेवून का घेत नाहीत?

ऍलेगेनीकाठ

मोरपीस, हा प्रश्न भाबडा नाही, हाच सगळा धागा आहे.

पहिली तीन वर्षं खेळाडूला क्लब देईल तो पगार. मग तीन वर्षं लवाद. सहा वर्षं भरली की मोकळा. "वर्ष" म्हणजे मुख्य संघात १७२ दिवस. शहाणे क्लब काय करतात, तयार मुलाला एप्रिलमध्ये दोन आठवडे खाली ठेवतात, म्हणजे त्याचे १७१ भरतात आणि अख्खं एक वर्ष फुकटात वाढतं. शिकागोने २०१५ला क्रिस ब्रायंटचं असंच केलं, बरोबर १७१. त्याने तक्रार केली, हरला.

स्कीन्सला आम्ही ११ मे २०२४ला वर आणलं, म्हणजे त्याचं ते वर्ष भरणारच नव्हतं. पण २०२२च्या करारात संघटनेने एक कलम घालून घेतलं होतं: नवोदितांच्या पुरस्कारात पहिल्या दोघांत आलास तर पूर्ण वर्ष पदरात. स्कीन्स पहिला आला. त्यामुळे तो २०२९च्या हंगामानंतर मोकळा, २०३०च्या नाही. २०२५ला साय यंग मिळाला, तोही एकमताने, दर नऊ डावांमागे १.९७ धावांच्या सरासरीने. त्या वर्षीचा पगार ८ लाख ७५ हजार डॉलर. त्याच करारातल्या तरुणांसाठीच्या बोनस-निधीतून २०२४साठी त्याला २१ लाख डॉलर मिळाले, म्हणजे क्लबच्या पगारापेक्षा संघटनेने भांडून मिळवलेलं जास्त!

ठेवून का घेत नाहीत? २०२५ संपेपर्यंत आमच्या इतिहासात १० कोटी डॉलरच्या वर गेलेला करार एकच, ब्रायन रेनल्ड्सचा, १० कोटी ६७ लाख, तोही आठ वर्षांचा. हुआन सोटोला न्यू यॉर्कच्या मेट्सनी ७६ कोटी ५० लाख दिले. आता सांग.

मोरपीस

कळलं. आणि वाईटही वाटलं. म्हणजे चार वर्षांत तोही जाणार?

ऍलेगेनीकाठ

लेकीला हे अजून सांगितलेलं नाही. मंगळवारच्या शर्टाची पुनरावृत्ती नको.

टोरांटोची_मावशी

१९९४ विसरू नका रे कोणी. गिरणगावकरांनी संपाचं काढलं म्हणून. १२ ऑगस्टला खेळाडू संपावर गेले, कारण तेव्हाही हीच पगारमर्यादा लादायची होती. १४ सप्टेंबरला विश्वमालिका रद्द. दोन महायुद्धांत जे झालं नव्हतं ते झालं. तेव्हा सगळ्यात पुढे कोण होतं? माँट्रियल एक्स्पोज! ७४ विजय, ४० पराभव. गरीब संघ, सगळे तरुण. त्यानंतर एकेक विकला गेला आणि २००५ला संघच वॉशिंग्टनला गेला. माझी नणंद माँट्रियलची, ती अजून बेसबॉलचं नाव काढत नाही.

दुसऱ्या वर्षी मालकांनी वसंतात भाडोत्री खेळाडू आणले होते. आमच्या ऑन्टारियोत तेव्हा संपकऱ्यांच्या जागी दुसरे घ्यायला कायद्याने बंदी होती, म्हणून ब्लू जेजचे घरचे सामने फ्लोरिडात खेळवायचं ठरत होतं. विचार कर!

गिरणगावकर

थांबा, थांबा. भाडोत्री खेळाडू? म्हणजे बदली कामगार!

आमच्याकडे "बदली" हा हुद्दाच होता. पासधारक बदली सकाळी गिरणीच्या फाटकावर उभे राहायचे, कोणी कायम कामगार आला नाही तर आत घ्यायचे. वडील सहा वर्षं बदली होते. बेसबॉलच्या बदल्यांचं पुढे काय झालं?

वकीलसाहेब

सराव सामने खेळले, खरा एकही नाही. बॉल्टिमोरच्या मालकाने बदली संघ उतरवायला नकार दिला. डेट्रॉईटच्या स्पार्की अँडरसन या प्रशिक्षकाने तर अशा संघाचं काम करणार नाही म्हणून घरचा रस्ता धरला. मग ३१ मार्च १९९५ला न्यू यॉर्कच्या एका जिल्हा न्यायाधीशांनी मालकांविरुद्ध मनाई हुकूम दिला आणि संप संपला. त्या न्यायाधीश म्हणजे सोनिया सोटोमायोर, आज सर्वोच्च न्यायालयात आहेत.

गिरणगावकर

प्रशिक्षकाने घरचा रस्ता धरला, हे आवडलं. आमच्याकडे असा एक जॉबर (गिरणीतला मुकादम) असता तर.

बरं, मत थोडं बदलतो. झुंज हत्तींचीच आहे, पण एक हत्ती पूर्वी साखळीत होता.

आल्टूना_रोड

उशिरा आलो. सगळे वरच्या मजल्याबद्दल बोलताय, मी तळमजल्यावरचं सांगतो.

आल्टूनात पायरेट्सचा डबल-ए (मुख्य लीगच्या दोन पायऱ्या खालचा) संघ आहे, पण मी सांगतोय ती गोष्ट दुसऱ्या गावातली, आम्ही तिथे असतानाची. तेव्हा खालच्या लीगमधल्या पोरांना क्लब घर द्यायचे नाहीत, गावातली कुटुंबं ठेवून घ्यायची. आमच्याकडे एक उन्हाळा डॉमिनिकन प्रजासत्ताकातला एकोणीस वर्षांचा मुलगा होता. इंग्रजी तोडकं, आमचं स्पॅनिश शून्य. सौ. त्याला थालीपीठ द्यायची, तो लोण्याच्या गोळ्यासकट चार उडवायचा. रात्री अकराला मैदानावरून येऊन स्वयंपाकघरात उभ्यानेच खायचा, दिवा न लावता, आम्ही जागे होऊ नये म्हणून. पगार फक्त हंगामापुरता. हिवाळ्यात गावी जाऊन काकाच्या दुकानात पोती उचलायचा. पुढे खांदा गेला, कधीच वर पोचला नाही.

२०२२मध्ये ही पोरंही त्याच संघटनेत आली. २०२३च्या करारात अगदी खालच्या पायरीचा वर्षाचा पगार ४,८०० डॉलरवरून १९,८०० झाला. आधीचा आकडा परत वाचा. वर्षाचा.

म्हणून कोणी "लखपतींची संघटना" म्हटलं की मला ते अंधारातलं थालीपीठ आठवतं.

स्वाती_पीट्स

😢 सौ.ना नमस्कार सांगा.

चिन्मयी

हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.

ऑफसाइड

सगळं ठीक, पण धागाकर्त्याने पासाचं काय केलं? मूळ प्रश्न तोच होता. आणि बॅटिंगला कोणी घेतलं की नाही यंदा?

ऍलेगेनीकाठ

घेतलं म्हणजे काय, यंदा चक्क हालचाल आहे! ओहर्नला दोन वर्षांचे २ कोटी ९० लाख दिले, ब्रँडन लाव आणला, आणि बॉस्टनकडून गार्सिया नावाचा पोरगा घेतला, ज्याचं पहिलं नाव एवढं अवघड आहे की त्याला सगळे "पासवर्ड" म्हणतात.

खडूस_मुंबईकर

तीनदा चुकीचा टाकला की संघ लॉक होत असेल. तेही टाळेबंदीच.

ऍलेगेनीकाठ

खडूस, बास आता.

पास नाही घेतला. काल शेवटचा दिवस होता. बंड्याचं वाचून दोनदा पत्र हातात घेतलं, तरी नाही भरलं. लेकीने तोडगा काढला: स्कीन्स साधारण सहा दिवसांनी एकदा चेंडू टाकतो, त्या दिवसाची सुटी तिकिटं घ्यायची. वहीत तक्ता आखलाय, लाल पेनाने खुणा. पाऊस आला की तक्ता कोसळणार हे तिला माहीत आहे, पेन्सिलीने पर्यायी तारखाही घातल्यात. जायचं क्लेमेंटे पुलावरून चालत, मधल्या विश्रांतीत ती पियरोगींची शर्यत बघायची (बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंजीचा पोशाख घालून माणसं पळतात, हसू नका), आणि आठव्या डावात घरी.

२०२७चं मात्र काही सुचत नाही. मागच्या टाळेबंदीत लीगच्या संकेतस्थळावरून खेळाडूंचे फोटो एका रात्रीत काढले होते, सगळ्यांच्या जागी राखाडी बुजगावणी. लेक तेव्हा नऊ वर्षांची. एकेका बुजगावण्यावर बोट ठेवून "हा कोण?" विचारत होती.

आल्टूना_रोड

२०२७ला टाळं लागलंच तर इकडे या. खालच्या लीगचा करार वेगळा आहे, तो २०२७ धरून आहे. २०२२लाही वर कुलूप होतं तेव्हा आमच्याकडचा हंगाम ठरल्या वेळी सुरू झाला होता. पिट्सबर्गहून दोन तास. उजव्या भिंतीमागे जुना लाकडी रोलर कोस्टर दिसतो, पोरीला आवडेल.

ऍलेगेनीकाठ

येतो. थालीपीठ आहे ना?

आल्टूना_रोड

सौ. विचारतेय, लोणी की दही.